सांडपाण्यातून गाळलेले प्लास्टिक जाते कुठे?

स्कॉटलंडमधील ग्लासगो परिसरात, क्लाइड नदीच्या काठी, सुमारे साडेसहा लाख लोकसंख्येचे सांडपाणी शुद्ध करणारे एक केंद्र आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथे येणाऱ्या पाण्यात लिटरमागे सरासरी १५.७ सूक्ष्म प्लास्टिक कण होते आणि नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्यात ते ०.२५ इतकेच उरले होते. अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक कण वेगळे झाले, हे यश नाकारता येणार नाही. मात्र तेथून रोज वाहणारे पाणीच इतके, की उरलेल्या कणांची बेरीज दिवसाला सुमारे ६.५ कोटी भरत होती.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान असलेले हे कण पकडण्यासाठी अशी केंद्रे कधी उभारलीच गेली नव्हती. मैला, वाळू आणि तेलकट तवंग वेगळा करताना प्लास्टिकही ओघाने अडकते. पाण्यापेक्षा हलके असलेले पॉलिथिलीन वर तरंगते आणि स्निग्ध पदार्थांच्या थरासोबत खरवडून काढले जाते, तर पॉलिएस्टरचे जड तंतू तळाशी बसतात. पुढच्या टाकीत हवा सोडून जिवाणू वाढवले जातात. त्यांच्या चिकट पुंजक्यांत उरलेले बरेचसे कण गुरफटतात आणि त्यांच्यासह खाली बसतात. जिवाणू मैला खातात, प्लास्टिक नाही. त्यामुळे पाण्यातून गेलेले प्लास्टिक गाळात जसेच्या तसे शिल्लक असते, आणि अनेक देशांत हाच गाळ खत म्हणून शेतात पसरला जातो. शुद्धीकरणाची टक्केवारी सांगताना ही बाब सहसा गाळली जाते.

पाणी आणखी स्वच्छ करण्याचे उपाय आहेत. फिनलंडमधील संशोधकांनी २०१७ साली चार पद्धती तपासल्या. वाळूच्या जलद गाळणीने ९७ टक्के कण अडवले आणि हवेच्या बारीक बुडबुड्यांवर कण तरंगवून काढण्याच्या पद्धतीने ९५ टक्के. चकतीच्या गाळणीचा निकाल ४० ते ९८.५ टक्के असा कमालीचा अस्थिर होता. जिवाणूंची टाकी आणि अतिसूक्ष्म छिद्रांचे मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पातळ पडदा, एकत्र वापरणारी पद्धत ९९.९ टक्क्यांपर्यंत पोहोचली. या पडद्याची छिद्रे एक मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. साहजिकच ती तुंबतात, सतत धुवावी लागतात आणि त्यासाठी वीज खर्च होते. वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुतल्यावर निघणारे पाणी तर बहुधा केंद्राच्या तोंडाशीच परत सोडले जाते, म्हणजे अडवलेले कण पुन्हा रांगेत उभे!

पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत आपल्या ओळखीची तुरटी उपयोगी पडते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची किंवा निवळीची बी उगाळून घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. जलशुद्धीकरण केंद्रांतही तत्त्व तेच असते. पाण्यातील सूक्ष्म कणांवर बहुधा ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतील ॲल्युमिनियम तो भार शमवते, कण एकत्र येऊन गाठी होतात आणि तळाशी बसतात. तुरटीचा गाळही अर्थात कुठेतरी टाकावाच लागतो.

म्हणून उगमापाशी अडवणे अधिक शहाणपणाचे ठरते. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगांवरून काढलेल्या अंदाजानुसार, ॲक्रिलिक या प्लास्टिकच्याच धाग्याच्या सहा किलो कपड्यांच्या एका धुलाईत सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात नव्या वॉशिंग मशिनना २०२५ पासून तंतू अडवणारी गाळणी असावी, अशी तरतूद केली. अशा गाळणीत साचलेला लगदा कोरडा करून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा असतो. ती नळाखाली धुतली, तर सगळे तंतू त्याच गटारातून सांडपाणी केंद्राकडे निघतात.