चोगम रोड आणि अण्वस्त्रांची आखणी

श्रोतेहो, नमस्कार.

पर्वरीहून सांगोल्डा, साळगाव करीत कळंगुटला जाणाऱ्या रस्त्याला आपण सगळे चोगम रोड म्हणतो. बसचा कंडक्टर म्हणतो, दुकानांच्या पाट्यांवरही तेच नाव असते. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची परिषद दिल्लीत भरली होती आणि तिच्या मध्यंतरात इंदिरा गांधींनी पाहुण्यांना विश्रांतीसाठी गोव्यात आणले होते. त्या परिषदेच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांपासून हा चोगम शब्द झाला. त्या मुक्कामात ‘गोवा जाहीरनामा’ निघाला, हे मात्र आपण विसरलो. अण्वस्त्रस्पर्धेबद्दलची तीव्र चिंता त्यात होती, आणि अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी आपसांतला राजकीय संवाद पुन्हा सुरू करावा, या कॅनडाचे पंतप्रधान पिएर ट्रुडो यांच्या आवाहनाचे त्यात स्वागत केले होते.

ही चिंता उपचाराची नव्हती. त्याच महिन्याच्या पूर्वार्धात नाटोने युरोपात ‘एबल आर्चर’ नावाचा सराव केला. अण्वस्त्रे वापरण्याची परवानगी कशी मागायची, ती कशी द्यायची आणि आज्ञा खाली कशी पोहोचवायची, याची ती रंगीत तालीम होती. पलीकडच्या सोव्हिएत बाजूला मात्र ही तालीम आहे की तालमीच्या आडून होणारी चढाई आहे, हे ठरवता येईना, आणि पूर्व जर्मनी व पोलंडमधील सोव्हिएत विमानांच्या काही तुकड्या सज्ज ठेवण्यात आल्या. त्याआधी, २६ सप्टेंबरला, सोव्हिएत उपग्रहांनी अमेरिकी क्षेपणास्त्रे निघाल्याचा इशारा दिला होता. ड्यूटीवरचे अधिकारी स्टानिस्लाव पेत्रोव यांनी तो खोटा मानला, म्हणून प्रसंग टळला.

मला यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रतिपक्ष आपल्या घोषणांवर विसंबत नाही, तो आपली मांडणी पाहतो: अस्त्रे कुठे आहेत, किती मिनिटांत सज्ज होतात, आणि आज्ञा देणारा माणूस कोण आहे.

आपल्या देशाचे अण्वस्त्र धोरण ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झाले. प्रथम वापर करायचा नाही, पण अण्वस्त्र हल्ला झाल्यास प्रत्युत्तर प्रचंड असेल, आणि तो निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदच घेईल, हा त्याचा गाभा आहे. जैविक वा रासायनिक हल्ल्याच्या बाबतीत अण्वस्त्रांचा पर्याय राखून ठेवलेला आहे, हेही त्यातच नमूद आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये, संरक्षणमंत्री असताना, आपल्या म्हापशाच्या मनोहर पर्रीकरांनी प्रथम वापर न करण्याच्या बंधनात स्वतःला का अडकवून घ्यायचे, असा प्रश्न जाहीर कार्यक्रमात विचारला. ते मत वैयक्तिक असल्याचा खुलासा लगेच झाला आणि विषय तिथेच संपला. पर्रीकरांविषयी मला आदर आहे, आणि शत्रूला आपला अंदाज येऊ नये हा त्यांचा मुद्दा लष्करीदृष्ट्या पोकळ नव्हता. तरीही माझे मत त्यांच्या विरुद्ध आहे, आणि त्याचे कारण आखणीत दडलेले आहे.

प्रथम वापर न करणाऱ्या देशाला घाई नसते. त्याला फक्त पहिला घाव सोसून उरणारी अस्त्रे हवी असतात, म्हणून शांततेच्या काळात स्फोटक गाभा आणि क्षेपणास्त्र वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे त्याला परवडते. भारताने अनेक वर्षे तसेच केले, असे जाणकार मानतात. ज्याला आधी मारायचे आहे, किंवा ज्याच्यावर तसा संशय आहे, त्याच्या बाबतीत दोन्ही बाजूंना सर्व काही जोडून, चढवून, बोट कळीवर ठेवून बसावे लागते. पाकिस्तानने २०११ मध्ये चाचणी घेतलेल्या ‘नस्र’ या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राचा पल्ला अवघा साठ-सत्तर किलोमीटर आहे, म्हणजे ते रणांगणाच्या जवळच उभे करावे लागणार, आणि वेढ्यात सापडण्यापूर्वी ते डागण्याचा मोह तिथल्या अधिकाऱ्याला होणार. अशा सीमेवर संशय वाढवून आपल्याला काय मिळणार?

आता तर आपली मांडणीच बदलते आहे. आयएनएस अरिहंत या अण्वस्त्रवाहू पाणबुडीची पहिली प्रतिरोध गस्त, म्हणजे शत्रूला धाक बसावा म्हणून अस्त्रांसह घातलेली गस्त, पूर्ण झाल्याची घोषणा नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तशीच दुसरी पाणबुडी अरिघात नौदलात दाखल झाली. पाणबुडी शत्रूला सहजासहजी सापडत नाही, म्हणून प्रथम वापर न करण्याच्या धोरणाला ती उत्तम आधार देते. परंतु समुद्राखाली गेल्यावर गाभा एका खात्याकडे आणि क्षेपणास्त्र दुसऱ्याकडे ठेवता येत नाही. किनाऱ्याशी संपर्क तुटला तर कप्तानाने काय करावे, हे आधीच ठरवून द्यावे लागते, आणि ते ठरवण्याचे काम केवळ नौदलाचे नाही. त्यातील गुपिते गुपितेच राहावीत, हे मला मान्य आहे. पण मुलकी नियंत्रण कोणत्या तत्त्वावर चालेल, एवढे संसदेत सांगता येण्यासारखे आहे. आपल्या दोन्ही खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा, अशी गोव्याचा एक मतदार म्हणून माझी त्यांना विनंती आहे.