ह्यूस्टनच्या त्या शून्यात कोण कोण होते

श्रोतेहो, नमस्कार.

22 सप्टेंबर 2013, रविवारची दुपार. ह्यूस्टन शहराचा बेसबॉल संघ, म्हणजे ह्यूस्टन ॲस्ट्रोज, त्या दिवशी क्लीव्हलँडला जाऊन 9-2 असा हरला. त्या वर्षी या संघाचे हरणे इतके नेहमीचे झाले होते की त्याची बातमीही झाली नसती. बातमी झाली ती त्या सामन्याच्या टीआरपीची, कारण प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या तक्त्यात ह्यूस्टनपुढे 0.0 असा आकडा पडला होता. अमेरिकेतील लोकसंख्येने चौथ्या क्रमांकाचे शहर, त्याचा स्वतःचा संघ मैदानात, आणि तो सामना पाहणारे घर मोजणीत एकही नाही. या आकड्यावरून देशभर ह्यूस्टनचे हसे झाले. लोकांना आपल्या संघाचा इतका वीट आला आहे की ते आता त्याच्याकडे पाहतसुद्धा नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ लावला गेला.

मी तेव्हा नोकरीच्या निमित्ताने ह्यूस्टनमध्ये राहत होतो, आणि तो अर्थ मला त्या दिवशीही पटला नव्हता, आजही पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी आज आपल्यासमोर आलो आहे.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत असत. त्यांची सारी हयात तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यात गेली होती. आमच्या घरात आम्ही त्यांचा उल्लेख आजोबा असाच करत असू. 1965 साली ह्यूस्टनमध्ये ॲस्ट्रोडोम हे छप्पर असलेले भव्य स्टेडियम उघडले, तेव्हा वडिलांचे बोट धरून ते तिथे गेले होते. संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांच्या गॅरेजचे दार अर्ध्यावर उचललेले असे. आत घडीची खुर्ची, शेजारी उलट्या बादलीवर ठेवलेला जुना रेडिओ आणि मांडीवर आखीव वही. प्रत्येक चेंडूमागे काय झाले याची नोंद ते पेन्सिलीने त्या वहीत करत. बेसबॉलमध्ये फलंदाज तीन स्ट्राइकमध्ये बाद झाला की के हे अक्षर लिहितात आणि शेवटच्या चेंडूला त्याने बॅट न फिरवता नुसते पाहत राहून तो बाद झाला, तर तेच के उलटे काढतात. त्या वर्षी ॲस्ट्रोजचे फलंदाज तीन स्ट्राइकमध्ये 1,535 वेळा बाद झाले, आणि तोवरच्या अमेरिकन बेसबॉलच्या इतिहासात एका हंगामात एवढ्या वेळा कोणताही संघ असा बाद झालेला नव्हता. आजोबांच्या वहीची पाने सुलट्या-उलट्या के अक्षरांनी भरून गेली होती.

टीव्ही असताना रेडिओ का, असे मी त्यांना एकदा विचारले. त्यांनी पेन्सिलीनेच वर छपराकडे बोट दाखवले. तिथे उपग्रह वाहिन्यांची डिश बसवलेली होती. त्या डिशवर शेकडो चॅनेल दिसत, फक्त ॲस्ट्रोजचे सामने दाखवणारे चॅनेल तेवढे दिसत नव्हते. त्यांनी सेवा देणाऱ्या कंपनीला फोन केले, दर वेळी बराच वेळ ताटकळत राहिले, आणि दर वेळी वाटाघाटी चालू आहेत एवढेच उत्तर त्यांच्या पदरी पडले. दोन वर्षांचा करार झालेला होता, आणि तो मध्येच मोडायचा तर दंड भरावा लागणार होता.

आता संघाची अवस्था सांगतो. ॲस्ट्रोज 2011 साली 106 सामने हरले, 2012 साली 107 हरले आणि 2013 साली 111 हरले. हंगामात 162 सामने असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते. 2013 च्या हंगामाचा तिसरा दिवस मला अजून आठवतो. टेक्सास रेंजर्सच्या यू दार्विशने ॲस्ट्रोजचे ओळीने 26 फलंदाज बाद केले, एकालाही पहिल्या बेसवर पोहोचू दिले नाही, आणि आणखी एक, शेवटचा, बाद झाला असता तर घरच्या मैदानावर ॲस्ट्रोजच्या नावावर एक कायमची नामुष्की लागली असती. सत्ताविसाव्या फलंदाजाने, मार्विन गोन्झालेझने, पहिलाच चेंडू दार्विशच्या पायांमधून सरळ मागे मारला. सामना 7-0 असा गेलाच. तरी त्या एका फटक्यानंतर आजोबांनी गॅरेजमधून मारलेली हाक आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आली होती.

चाहत्यांच्या रागाला नुसता पराभव कारण नव्हता. अमेरिकन बेसबॉलमध्ये नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग असे दोन गट आहेत, आणि हा संघ 51 हंगाम नॅशनल लीगमध्ये खेळला होता. 2011 साली जिम क्रेन यांनी तो विकत घेतला, तेव्हा बेसबॉलच्या मध्यवर्ती व्यवस्थापनाने अट घातली की संघाने 2013 पासून अमेरिकन लीगमध्ये जावे, आणि त्या बदल्यात खरेदीच्या किमतीत 7 कोटी डॉलरची सूट मिळाली. अमेरिकन लीगमध्ये चेंडू टाकणाऱ्या पिचरऐवजी दुसराच खेळाडू फलंदाजीला येत असे. आपल्याला ही गोष्ट लहान वाटेल, पण ज्यांनी अर्धे शतक दुसऱ्या नियमाने खेळ पाहिला, त्यांना आपल्या घराचे दार कोणी न विचारता दुसऱ्या बाजूला बसवल्यासारखे वाटले. वर्षानुवर्षांचे प्रतिस्पर्धी संघही गेले आणि पश्चिम किनाऱ्यावरचे, रात्री उशिरा सुरू होणारे सामने वाट्याला आले.

दुसरे कारण पैशाचे. जेफ लुनो यांच्या हाती संघबांधणी आल्यावर महागडे आणि मुरलेले खेळाडू एकामागून एक दुसऱ्या संघांकडे गेले आणि त्यांच्या बदल्यात कोवळी मुले घेतली गेली. त्या काळी बेसबॉलमध्ये जो संघ सर्वांत तळाला राही त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला मान मिळत असे, आणि ॲस्ट्रोजला तो 2012, 2013 आणि 2014 असा सलग तीन वर्षे मिळाला. 2013 च्या हंगामात संपूर्ण संघाचा पगार इतका उतरला होता की न्यूयॉर्क यांकीज संघाच्या ॲलेक्स रॉड्रिगेझ या एका खेळाडूचा त्या वर्षीचा पगार त्याहून मोठा होता. ऑगस्टमध्ये फोर्ब्स मासिकाने हिशेब मांडला की मैदानात सर्वांत दुबळा असलेला हाच संघ नफ्यात मात्र बेसबॉलच्या इतिहासात सर्वांत पुढे आहे. संघाच्या व्यवस्थापनाने तो हिशेब साफ नाकारला. पण तिकीट काढून पराभव पाहणाऱ्या माणसाच्या मनात जी शंका आधीच घर करून होती, ती त्या दिवशी छापून आली. हा संघ हरतो आहे की त्याला हरू दिले जात आहे, हा प्रश्न मी ऑफिसात, वाण्याच्या दुकानात, अगदी मंडळाच्या गणेशोत्सवात मराठी मुलांच्या तोंडूनही ऐकला आहे. पराभव सोसायला चाहता तयार असतो. त्याच्या पराभवावर कोणी कमाई करत आहे, असे त्याला वाटू लागले की मात्र तो आतून तुटतो.

आता त्या चॅनेलकडे येऊ. ऑक्टोबर 2012 मध्ये कॉमकास्ट स्पोर्ट्सनेट ह्यूस्टन नावाची वाहिनी सुरू झाली. तिचे मालक तिघे होते: ॲस्ट्रोज, शहराचा बास्केटबॉल संघ रॉकेट्स आणि कॉमकास्ट ही केबल कंपनी. अशा प्रादेशिक क्रीडावाहिन्यांची अर्थव्यवस्था साधी असते. केबल किंवा डिश पुरवणारी कंपनी प्रत्येक ग्राहकामागे दर महिन्याला वाहिनीला ठरावीक रक्कम देते आणि ती ग्राहकाच्या बिलात घालते. ग्राहक खेळ पाहो वा न पाहो, पैसे त्याच्या खिशातून जातातच. या वाहिनीने मागितलेला दर इतर कंपन्यांना परवडेना. ज्या संघाला पाहायला लोक येत नाहीत त्याच्यासाठी आमच्या सगळ्या ग्राहकांनी पैसे का मोजावेत, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते अगदीच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. कॉमकास्ट सोडून बहुतेक मोठ्या कंपन्यांनी वाहिनी घेतली नाही. परिणामी ह्यूस्टन परिसरातील साधारण 40 टक्के घरांतच ॲस्ट्रोजचे सामने दिसू शकत होते. उरलेल्या 60 टक्के घरांना, मनात असो वा नसो, पाहण्याची सोयच नव्हती.

म्हणून मला त्या शून्याचा राग येतो. नील्सनची मोजणी त्या काळी शहरातील काही शे घरांत बसवलेल्या यंत्रांवर चाले. त्या घरांपैकी बऱ्याच घरांत हे चॅनेल मुळात पोहोचतच नसणार. जिथे पोहोचत होते, तिथे त्या रविवारी त्याच वेळी शहराचा अमेरिकन फुटबॉल संघ टेक्सन्स बाल्टिमोरशी खेळत होता, आणि फुटबॉलचे सामने साध्या अँटेनावरही फुकट दिसतात. टेक्सन्सही त्या दिवशी 30-9 असे हरले. इतकेच काय, त्या रविवारपासून त्या हंगामातले उरलेले सगळे, म्हणजे चौदाच्या चौदा सामने टेक्सन्स हरले. दोन्ही संघ हरत होते. एकाचा पराभव कोणालाही घरबसल्या पाहता येत होता आणि दुसऱ्याचा पराभव पाहायला कुलूप उघडावे लागत होते. दोघांचे आकडे शेजारी ठेवून शहराचे प्रेम मोजणे मला अन्यायाचे वाटते.

याचा अर्थ चाहते दुरावले नव्हते असा नाही. 2007 साली ज्या मैदानात हंगामभरात 30 लाखांहून अधिक प्रेक्षक आले, तिथे 2013 साली साडेसोळा लाखांच्या आसपास आले. मी स्वतः मंगळवारच्या एका सामन्याला गेलो होतो, तेव्हा आमच्या रांगेत मी, माझा मुलगा आणि शेंगदाणे विकणारा असे तिघेच होतो आणि तो विक्रेता शेवटचे दोन डाव आमच्याच शेजारी बसून राहिला. पण तिथे आलेला माणूस चिडलेला होता, ओरडत होता, मालकाच्या नावाने बोटे मोडत होता, आणि तरीही नववा डाव संपेपर्यंत उठत नव्हता. तसा माणूस टीव्हीसमोरही बसला असता. त्याला तिथे बसता आले नाही.

आजोबांच्या रेडिओवर त्या वर्षी रॉबर्ट फोर्ड आणि स्टीव्ह स्पार्क्स ही नवी जोडी होती, कारण माइलो हॅमिल्टन हे जुने समालोचक आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. माझे लहानपण बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनावर पोसलेले असल्याने, न दिसणारे मैदान आवाजातून उभे राहते हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मीही संध्याकाळी चहा घेऊन त्या गॅरेजमध्ये जाऊ लागलो. वहीत नोंद कशी करायची ते तिथेच शिकलो. 22 सप्टेंबरला आम्ही दोघे दुपारभर तिथेच होतो. नील्सनच्या तक्त्यात आमची नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता.

हंगामाचा शेवट फार वाईट झाला. 27 सप्टेंबरला त्या वाहिनीला दिवाळखोरीच्या कोर्टात खेचले गेले, आणि विशेष म्हणजे अर्ज करणारे कॉमकास्टच्याच बाजूचे होते. भागीदारांची भांडणे कोर्टात गेली आणि संघाला हक्कांचे पैसे मिळण्याचे वांधे झाले. मैदानात ॲस्ट्रोज शेवटचे सलग 15 सामने हरले. त्यातला शेवटचा, 29 सप्टेंबरचा यांकीजविरुद्धचा सामना नऊऐवजी चौदा डाव चालला आणि 5-1 असा गेला. आजोबांच्या वहीच्या पानावर नऊच डावांचे रकाने होते. बाकीचे पाच त्यांनी समासात हाताने आखून घेतले.

पुढची गोष्ट आपल्यापैकी काहींना माहीत असेल. 2017 साली हाच संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचे अजिंक्यपद, जिंकला, आणि 2020 साली, त्या विजयाच्या वर्षी प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा कॅमेऱ्याने टिपून चोरल्याचे सिद्ध झाल्यावर, लुनो आणि प्रशिक्षक ए. जे. हिंच यांना वर्षभराची बंदी आणि संघाला 50 लाख डॉलरचा दंड झाला. तो विषय वेगळा आणि मोठा आहे. मला सांगायचे आहे ते त्याच्या आधीचे. एटी अँड टी आणि डायरेक्टीव्ही यांनी मिळून ती बुडालेली वाहिनी घेतली आणि 17 नोव्हेंबर 2014 रोजी रूट स्पोर्ट्स साउथवेस्ट या नावाने ती सुरू केली. त्या संध्याकाळी आजोबांनी आमची बेल वाजवली. रिमोट त्यांच्या हातातच होता. चॅनेलचा नंबर मी त्यांना शोधून दिला, तो त्यांनी कागदाच्या चिठ्ठीवर मोठ्या आकड्यांत लिहिला आणि चिकटपट्टीने टीव्हीच्या कडेला लावला. नोव्हेंबरमध्ये बेसबॉल नसतो. पुढचा सामना साडेचार महिन्यांवर होता. ती चिठ्ठी तिथेच राहिली, नाताळातही राहिली, आणि कोपरा सुटला तेव्हा त्यांनी तो पुन्हा चिकटवला.

6 एप्रिल 2015 रोजी ॲस्ट्रोजचा नवा हंगाम सुरू झाला. समोर संघ क्लीव्हलँडचाच होता. 2013 च्या त्या फजितीच्या वर्षात खेळलेला डॅलस कायकल त्या दिवशी चेंडू टाकत होता, आणि ॲस्ट्रोज 2-0 असे जिंकले. मी पोहोचलो तेव्हा आजोबांच्या दिवाणखान्यात टीव्ही लागलेला होता आणि मांडीवर नवी वही होती. पहिल्याच पानावर, नवव्या डावाच्या पुढे, त्यांनी पाच जादा रकाने आधीच आखून ठेवले होते.