जिथे कट व्हायला हवा होता

(काळा पडदा. फक्त निवेदकाचा आवाज.)

मुंबईच्या सत्र न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. वकील फायली आवरतात, माणसं पांगतात, दालन रिकामं होतं. एकेक दिवा मालवला जातो आणि पडद्यावर अंधार होतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये हा क्षण आला की प्रेक्षक चपला शोधायला लागतात. खटल्याचं जे व्हायचं ते झालं, आता नावं येतील.

नावं येत नाहीत. उजाडतं ते थेट एका सहलीत. न्यायाधीश सदावर्ते अर्ध्या पँटीत, नातेवाइकांच्या गोतावळ्यात. कुणाचा तरी मुलगा बोलत नाही, तर हे त्या बापाला नाव बदलून बघायचा आणि बोटात खडा घालायचा सल्ला देतात. काल-परवापर्यंत हाच माणूस कायद्याच्या कलमांवर बोट ठेवून दुसऱ्याच्या आयुष्याचा निवाडा करत होता. मग ते बाकावर बसल्या बसल्या डुलकी घेतात. पोरं हळूच येऊन कानाशी ओरडतात, ते दचकून जागे होतात आणि हाताशी आलेल्या एका पोराच्या थोबाडीत देतात. पोरगं रडत राहतं, न्यायाधीशांचे डोळे पुन्हा मिटतात.

सिनेमा संपतो तो इथे.

(शीर्षक. पार्श्वसंगीत नको.)

'काहीतरी वेगळं सुचव ना' असं कुणी म्हटलं की आपण कथानक सांगायला बसतो. एक मुलगा असतो, त्याचे वडील असतात, मग असं होतं. पण जो सिनेमा आपल्या मनात घर करून बसलेला असतो, तो काही कथानकामुळे बसलेला नसतो. मैफलीहून परतणारा रसिक अख्खा राग डोक्यात घेऊन जात नाही, एखादी जागा, म्हणजे सुरांची एखादी लकेर, गुणगुणत जातो. मीही आता सिनेमा सुचवताना तेवढंच सांगतो, कुठे लक्ष ठेव ते. आणि माझ्या आवडीच्या बहुतेक जागा अशा आहेत, जिथे रूढ पद्धतीच्या सिनेमानं कट घेतला असता. दिग्दर्शकानं घेतला नाही.

आजचे सगळे सिनेमे मराठीच निवडलेत. वेगळं म्हटलं की आपण इराण, कोरियाकडे धावतो. जरूर धावावं. पण घरातला ऐवज न बघता नव्हे.

(मुंबई. गटाराचं उघडं झाकण, वरून.)

'कोर्ट'मध्येच आणखी थोडं थांबू. नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. त्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. ही जागा बघा. ती रडत नाही. कॅमेरा तिच्या डोळ्यांत घुसत नाही, व्हायोलिन वाजत नाही. विचारलेल्या प्रश्नांची ती सरळ, कोरड्या आवाजात उत्तरं देते. नवरा गटारात उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली, तर आत हवा आहे असं समजून उतरायचा. त्याचा एक डोळा गेलेला होता. वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा.

या देशात गटारात उतरणाऱ्या माणसाचं सुरक्षा-साधन म्हणजे झुरळ. तासभर भाषण ऐकून जे अंगावर येणार नाही, ते या साक्षीच्या दोन मिनिटांत येतं, आणि कोर्टाचं काम पुढच्या तारखेकडे सरकतं.

कॅमेरा बहुतेक वेळ दालनाच्या मागच्या बाजूला, आपण तिथल्या बाकावर बसलो असतो तर जिथून बघितलं असतं तिथेच असतो. बरेच चेहरे अभिनेत्यांचे नाहीत. नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार नागपूरचे, आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक. 2021 मध्ये कोरोनानं ते गेले. गाणी संभाजी भगत यांची. 2014 मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार मिळाले, मग राष्ट्रीय सुवर्णकमळ. पण पुरस्कार आहेत म्हणून बघू नका. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी कोर्टातून निघून लोकलनं घरी जातात, वाटेत पोराला घेतात, स्वयंपाकाला लागतात, ते बघा. एखाद्याला तुरुंगात डांबण्यासाठी हिरिरीनं युक्तिवाद करणारी ही बाई आपल्या शेजारची आहे. तिच्याबद्दल मला राग धरता येत नाही, आणि तिला मोकळं सोडताही येत नाही.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं. संथ सरकत.)

आता मागे जाऊ. 'सामना'. जब्बार पटेल यांचा पहिला सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्माते रामदास फुटाणे. 1975 मध्ये हा बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारे हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले. कुठून तरी गावात येऊन पडलेले, स्वातंत्र्याच्या चळवळीत उमेद घालवलेले दारुडे मास्तर म्हणजे श्रीराम लागू.

इथली जागा म्हणजे एक प्रश्न. 'मारुती कांबळेचं काय झालं?' गावातून नाहीशा झालेल्या माणसाबद्दलचा हा प्रश्न मास्तर विचारतात आणि विचारतच राहतात. हिंदुरावांनी त्यांना आसरा दिलाय, दारू पाजलीय, मानानं वागवलंय. नेहमीच्या चित्रपटात असा प्रश्न एकदा विचारला जातो, मग मारामारी होते. इथे नायकाच्या हातात काठीसुद्धा नाही. पाय लटपटतात, जीभ जड होते, पण प्रश्न काही सुटत नाही. आणि निळू फुले काय करतात ते निरखून बघा. सुरुवातीला त्यांना गंमत वाटते. माणूस आवडू लागतो. मग तोच प्रश्न झोपेत शिरतो. हिंदुरावांना माणूस म्हणून बघायला लावणं ही या सिनेमाची सगळ्यात धाडसी गोष्ट आहे असं मला वाटतं. आरती प्रभूंचं 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' रवींद्र साठे यांच्या आवाजात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. सिनेमा बघितलेले त्या मानानं फार थोडे. ते गाणं त्याच्या जागी जाऊन ऐका.

'फँड्री' तुम्ही बघितलाच असेल, आणि शेवटचा दगडही लक्षात असेल. मी फक्त एवढंच म्हणेन, की पुन्हा बघाल तेव्हा त्याच्या आधीचं राष्ट्रगीत बघा. डुकराच्या मागे धावणारं जब्याचं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर उभं राहत नाही. नागराज मंजुळे तिथे एक शब्दही खर्चत नाहीत.

(विहिरीचं पाणी. वरून पडणारं ऊन.)

'विहीर'बद्दल मात्र मला सावकाश बोलायचंय, कारण उमेश कुलकर्णींच्या 'वळू'वर प्रेम करणारे लोकही 'विहीर'ला वळसा घालून जातात. 2009 चा सिनेमा. समीर आणि नचिकेत, भावंडं म्हणा की जिवलग म्हणा. एकमेकांना पत्रं लिहिणारे. घरात लग्नाची गडबड, बायकांची वर्दळ, पोरांची लपाछपी, भर उन्हात विहिरीत पोहणं. नचिकेतला या सगळ्या नात्यांच्या गोतावळ्यातून निघून जावंसं वाटतंय. समीरला ते नीट कळत नाही. आणि मग, सिनेमा निम्म्यावर असताना, विहिरीतला मृत्यू.

मी हे सांगितलं म्हणून काही बिघडत नाही. मृत्यू हा इथे धक्का म्हणून योजलेलाच नाही. नेहमीचा सिनेमा एक तर इथे संपला असता, किंवा एका गाण्यात शोक उरकून पुढे निघाला असता. 'विहीर' इथून पुढे सुरू होतो. ज्याच्यावर राज्य आहे तो खेळ संपला हे मान्यच करत नाही. लपलेला कुठे तरी असणारच, म्हणून शोधत राहतो. नचिकेत हे नाव यमाच्या दारात बसून मरणाविषयी विचारणाऱ्या मुलाचं. इथे विचारायची पाळी मागे उरलेल्या मुलावर आली आहे. मदन देवधर आणि आलोक राजवाडे यांची कामं बघताना कुणी अभिनय करतंय हे विसरायला होतं. सुधीर पळसाणे यांच्या कॅमेऱ्यात पाणी कधी खेळकर आहे, कधी नुसतं गप्प. जवळचं कुणी अवेळी गेलेलं असेल, तर हा सिनेमा जपून बघा. पण बघा.

(रात्रीचा मुंबईतला उड्डाणपूल. तानपुरा.)

शेवटचा 'द डिसायपल', 2020. पुन्हा ताम्हाणे. शरद नेरुळकर शास्त्रीय गायक होऊ पाहतोय. रियाज आहे, गुरूंची सेवा आहे, निष्ठा आहे. आणि तरी हळूहळू शंका येऊ लागते, की ती एक गोष्ट आपल्याकडे नाहीच. रात्री तो रिकाम्या रस्त्यावरून दुचाकीवर निघतो, कानात माईंची जुनी ध्वनिमुद्रणं. माई म्हणजे गुरूंच्या गुरू. त्या पडद्यावर दिसत नाहीत, फक्त बोलतात: साधनेबद्दल, एकटेपणाबद्दल, श्रोत्यांकडे पाठ फिरवण्याबद्दल. दुचाकी अतिशय संथ गतीनं तरंगत राहते आणि दृश्य संपतच नाही. अनेकांना हे कंटाळवाणं वाटतं. मला वाटतं, त्या आवाजाखाली एक तरुण किती वर्षं दबलेला आहे हे सांगायला तेवढा वेळ लागतोच. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे.

शरद झालेले आदित्य मोडक स्वतः गातात. गुरू झालेले अरुण द्रविड थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले. त्यामुळे गळा कुठे कमी पडतो, हे संवादात सांगावं लागत नाही, ऐकू येतं. ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांनी गुरूंच्या चेहऱ्याकडे बघावं.

कशापासून सुरुवात करायची? घरात आईवडील असतील, तर त्यांच्याबरोबर 'सामना'. लागू आणि फुले समोरासमोर बसले की कुणी उठणार नाही. 'कोर्ट' मित्रांबरोबर बघा, आणि नंतर गप्पांसाठी तासभर हाताशी ठेवा, कारण भांडण होणार, सरकारी वकील बाईंवरून तर नक्कीच. 'विहीर' एकट्यानं. 'द डिसायपल'ला चांगले हेडफोन लावा आणि मोबाइलच्या पडद्यावर बघू नका. तानपुरा त्या चिमुकल्या स्पीकरमधून ऐकूच येत नाही, आणि तो ऐकू आला नाही तर शरद कुठे बेसूर होतोय तेही कळणार नाही.