शब्द येण्याआधी

(दृश्य: थेरपीची खोली. जमिनीवर समोरासमोर बसलेले एक मूल आणि थेरपिस्ट. मध्ये फुग्यांची बाटली.)

झाकण मुद्दाम घट्ट लावलंय. आत साबणाचं पाणी आहे आणि या तीन वर्षांच्या मुलाला फुगे हवे आहेत. तो अजून बोलत नाही. बाटली उलटी करून बघतो, झाकणाला दात लावून बघतो. मी नुसती बसून आहे. ‘काय पाहिजे? बोल ना!’ असं म्हणायचा मोह होतो, तो आवरायचा. थोडा वेळ जातो. मग तो माझा हात धरतो आणि झाकणावर नेऊन ठेवतो. ‘उघड!’ असं म्हणत मी झाकण उघडते.

बघणाऱ्याला वाटेल, एवढंच? पण स्पीच थेरपिस्ट म्हणून मी याचीच वाट बघत होते. आपल्याला हवं ते दुसऱ्या माणसाला सांगता येतं, हे त्याला उमगलंय. त्याच्या मनातल्या गोष्टीला मी फक्त एक शब्द पुरवला.

फुगे फुंकून ओठ मजबूत होतात आणि मूल बोलायला लागतं, अशी समजूत आहे. शिट्ट्या आणि पिपाण्या वाजवून घेण्यात पालकांचे महिनेच्या महिने जातात. नुसत्या फुंकण्याने बोलणं सुधारतं याला भक्कम पुरावा नाही. उच्चार सुधारतात ते उच्चारांच्याच सरावाने. आमच्याकडे फुगे असतात, कारण ते फुटतात आणि फुटले की पुन्हा हवेसे वाटतात.

(दृश्य: श्रवणचाचणी. मुलीच्या कानांवर हेडफोन.)

बोलणं उशिरा येतंय असं वाटलं, की आधी कान तपासायचे. यात चालढकल नको.

बहुतेक मुलं वर्षाची होता होता पहिला शब्द बोलतात, दोन वर्षांपर्यंत ‘बाबा ये’ असे दोन शब्द जोडतात. त्याच्याही आधी ती बोट दाखवतात. विमानाकडे बघतात, मग आईकडे: तूही बघतेस ना? ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये हे बोट दाखवणंच उशिरा येतं, म्हणून आमचं काम तिथून सुरू होतं. एडीएचडी (लक्ष टिकवणं कठीण जाणं, अतिचंचलता) असलेल्या मुलाकडे शब्द भरपूर असू शकतात, पण गोष्ट सांगताना धागा सुटतो. आणि विकासात्मक भाषा-विकार, म्हणजे ठळक कारण दिसत नसताना भाषाच शिकायला अवघड जाणं, तर सहज नजरेतून निसटतो. तो साधारण 100 मुलांमागे 7 जणांना असतो. मूल हसतं, खेळतं, त्याला ऐकूही नीट येतं. ‘जेवायच्या आधी हात धू’ यातलं ‘आधी’ मात्र त्याला पकडता येत नाही. मग शाळेतून शेरा येतो, ‘लक्ष देत नाही.’ या शेऱ्याचा मला खरंच राग येतो. ते मूल इतरांपेक्षा दुप्पट लक्ष देत असतं.

(दृश्य: स्वयंपाकघर. मुलगी आईचा पदर ओढते आहे.)

‘पाणी हवंय का?’ असं ही मुलगी आईला विचारते. तहान तिलाच लागली आहे. पाणी मिळताना जे वाक्य कानावर पडतं, तेच तिने जसंच्या तसं उचललंय. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ऑटिझमचं वर्णन केलं, तेव्हाच अशा पुनरुक्तीची नोंद केली होती. तरी पुढे कित्येक वर्षं ती निरर्थक बडबड ठरवून थांबवायचे प्रयत्न झाले. 1980 च्या दशकात बॅरी प्रिझंट यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलं, की त्यात मागणी असते, होकार असतो, स्वतःला शांत करणंही असतं. म्हणून आईला मी सांगते, ‘तिला टोकू नका. तिच्या वतीने तुम्हीच म्हणा, मला पाणी हवंय, आणि पेला हातात द्या.’ माझ्याकडे ती आठवड्यातून थोडा वेळच असते. भाषा घरातच रुजते.

(दृश्य: चित्रांचा तक्ता. एका चित्रावर टेकलेलं लहान बोट.)

चित्रांचा तक्ता किंवा टॅबलेट दिला की पालक धास्तावतात: याला सवय लागली, तर हा कधीच बोलणार नाही. ही भीती मी समजू शकते. पण 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, भक्कम पुरावा असलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे कमी झालेलं आढळलं नाही. बहुतेकांचं वाढलं होतं. फार नाही, पण वाढलं होतं.

तक्त्यावर काय असावं, याबद्दल मात्र मी हट्टी आहे. बिस्किट, चेंडू, गाडी एवढ्यावर भागत नाही. ‘नको’ हवं, ‘थांब’ हवं, ‘दुखतंय’ हवं. खेळ रंगात आलेला असताना मुलाने ‘थांब’वर बोट ठेवलं, तर मी थांबते, कोडं अर्धवट राहिलं तरी. ‘दुखतंय’ची चित्रं मी पहिल्या दिवसापासून लावते, सोबत पोट, कान, दात. रात्री कान ठणकला, तर त्याला ते कुणाला तरी सांगता आलं पाहिजे.