वाल्वचे पाय

हा खर्रखर्र आवाज ऐकताय ना, तो बाहेरच्या पावसाचा नाय, रेडिओतला आहे. फोंड्याला आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासूनचा हा वाल्वचा, म्हणजे आतली हवा काढलेल्या काचेच्या नळ्यांचा रेडिओ, पोर्तुगीज असताना ह्याच्यावर पणजीचं एमिसोरा द गोवा लागायचं, १९६१ नंतर आकाशवाणी, आणि आता नुसती खरखर. म्हापशाच्या रिपेअरवाल्या काकांकडे आणला तर मागचं झाकण काढता काढता म्हणाले, "वाल्व गेला म्हणून फेकू नको हां, आधी पाय बघ त्याचे."

पाय म्हणजे पिना. हा ईएल८४, स्पीकरला ताकद देणारा. नऊ पिना, एकेक साधारण एक मिलिमीटर जाड, थेट काचेत घुसलेल्या, आणि सगळ्या राखाडी-काळ्या. आता आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलेला बुरशी येते, त्यात समुद्राचा खारा वारा, मग ह्यांचं काय होणार!

तर हा जो ऑक्साइडचा थर आहे तो करंट अडवतो. ह्या वाल्वचा हीटर ६.३ व्होल्टवर ०.७६ अँपिअर घेतो, म्हणजे पिनेपाशी अर्ध्या ओहमचा अडथळा जरी आडवा आला तरी जवळजवळ ०.४ व्होल्ट तिथंच खलास, हीटरनं तापणारा आतला भाग, कॅथोड, पुरता तापत नाय, आवाज बसतो, आणि आपण म्हणतो वाल्व म्हातारा झाला.

काकांनी आधी प्लग काढला, मग वीज साठवून ठेवणारा मोठा कपॅसिटर रेझिस्टर लावून डिस्चार्ज केला, कारण प्लग काढल्यावरसुद्धा त्यात अडीचशेच्या वर व्होल्ट बसून असू शकतात, हे विसरू नका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस. तेवढ्यानं गेलं नाय तिथं बारीक सँडपेपरची चिंधी पिनेभोवती गुंडाळून वरखाली, अगदी हलक्या हातानं, जास्त घासलं तर वरचं प्लेटिंगच जातं. स्टील वूल नकोच, त्याचे तुकडे सॉकेटात पडले की शॉर्ट. आणि काचेवरचा नंबर पुसू नका, तो बोटानंसुद्धा जातो.

मी शहाणपणा करून घरी दुसऱ्या एका वाल्वची पीन पक्कडीनं सरळ करायला गेलेलो. काचेला बारीकशी चीर गेली, आत हवा, आणि वरचा आरशासारखा चंदेरी डाग बघता बघता पांढरा. गेला तो वाल्व, कायमचा. काकांना सांगितलं तर नुसते हसले.

लोक पिना घासतात आणि सॉकेट तसंच सोडतात, माझ्या मते निम्मं काम तिथंच राहतं. काका दातांच्या फटीत घालायचा तो बारीक ब्रश अल्कोहोलमधे बुडवून एकेका भोकात फिरवतात, मग वाल्व सरळ घालून चार-पाच वेळा आतबाहेर.

प्लग लावला. अर्धा मिनिट काहीच नाय, मग हळूहळू स्पीकरमधे जीव आला, खरखर गायब. काकांनी पेन्सिलच्या मागच्या रबरानं शेजारच्या वाल्ववर टिचकी मारली.

खर्रर्र.

"आता ह्याचे पाय," म्हणाले, आणि परत प्लग काढला.