खरवडल्यावर दिसतं ते

नमस्कार.

‘आजचे गोमंतकीय चित्रकार आणि त्यांच्या प्रेरणा’ हा विषय मला दिला गेला, तेव्हा मी आधी घरी जाऊन टेबलाचा खण उघडला. त्या खणात गिलाव्याचा एक तुकडा आहे, तळहाताएवढा. लाल जमिनीवर हत्तीचा पांढरा पाय. आज तो बरोबर आणलाय. पहिल्या रांगेपासून मागे जाऊ दे. उजवी कड झरते, तेवढी सांभाळा.

हा तुकडा माझ्या गावच्या देवळाचा. मी सातवीत होतो. देवळाचा जीर्णोद्धार निघाला, घरोघर वर्गणी जमली, आणि सभामंडपाच्या भिंतींवरचे हत्ती, मोर, वेली, एक घोडेस्वार, सगळं चार दिवसांत छिन्नीनं उतरलं. त्या जागी गुळगुळीत फरशा बसल्या. लोकांनी ते भक्तीनंच केलं, हे मी आजही मानतो. पण त्या ढिगाऱ्याजवळ उभं राहून मला जे वाटलं होतं, ते अजून गेलेलं नाही. मी चित्रकलेचा मास्तर झालो तो ह्या पायामुळं.

ह्या कामाला आपण कावी म्हणतो. काव म्हणजे आपल्या जांभ्याच्या मातीतला तांबडा रंग. कोकणपट्टीत सगळीकडे ही कला होती; आपल्याकडे मोरजीच्या मोरजाईच्या देवळात आणि अडवलपालच्या शांतादुर्गेच्या देवळात ती आजही बघायला मिळते. ती करतात कशी, ते नीट ऐका, कारण पुढचं माझं सगळं बोलणं त्यावर उभं आहे. शिंपल्यांचा चुना, रेती आणि गूळ एकत्र करून बरेच दिवस मुरवायचा. त्याचा गिलावा भिंतीला द्यायचा. तो ओला असतानाच वरून कावेचा लाल थर चढवायचा. मग लोखंडी टोचणी घेऊन लाल थर हलक्या हातानं खरवडायचा. जिथून लाल निघालं तिथं खालचा पांढरा चुना दिसतो, आणि तेच चित्र. शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं भिंत घोटायची. म्हणजे हत्ती काढताना कारागीर हत्ती रंगवत नाही. हत्तीवरचं लाल तेवढं काढून घेतो. चुकलं तर पुसायची सोय नाही, आणि गिलावा वाळायच्या आत हात उरकावा लागतो.

अडपईचे सागर नाईक मुळे हे काम आज पुन्हा करतायत, भिंतीवर आणि कॅनव्हासवरही. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. परंपरा जपली पाहिजे असं भाषणात म्हणणं सोपं आहे. हाताला टोचणीची सवय लावून घेणं अवघड.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, आजच्या चित्रकारांचं बोला. बोलतो. गोव्याच्या चित्रकाराला प्रेरणा कुठून मिळते, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: निसर्गसौंदर्य. माड, होडी, सूर्यास्त. माझ्या वर्गातली मुलंही स्मृतिचित्र म्हटलं की हेच काढायची, आणि मुलांचा त्यात दोष नाही, कॅलेंडरवर तेच असतं. पण इथल्या ज्या कलावंतांचं काम मी वर्षानुवर्षं बघत आलो, ते वर दिसणाऱ्या गोष्टीपाशी फारसे थांबत नाहीत. खाली काय आहे, इकडे त्यांचं लक्ष असतं.

वासुदेव गायतोंडे घ्या. घराणं गोव्याचं, जन्म 1924 चा, नागपूरचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. 2001 साली ते गेले आणि 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. प्रेरणा विचारली की लोक झेन ह्या बौद्ध पंथाचं नाव घेतात, आणि ते खरंच आहे. पण मी मास्तर माणूस, मी हाताकडे बघतो. साठच्या दशकाच्या अखेरीपासून ते ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायला लागले. ओल्या रंगावर कागदाचे तुकडे ठेवायचे, वरून रोलर फिरवायचा, कागदाबरोबर रंग उचलून घ्यायचा. थर द्यायचा, काढायचा, पुन्हा द्यायचा. त्यांच्या चित्रात तो जो आतून उजेड येतो, तो रंग काढून घेतल्यामुळं येतो. त्यांनी हे कावीवरून घेतलं, असा दावा मी करत नाही; तसा कुठलाही पुरावा नाही. मला एवढंच दिसतं की ह्या दोन हातांची चाल एक आहे.

एचिंगमध्येही, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून चित्र छापण्याच्या पद्धतीतही, तेच. तांब्या-जस्ताच्या पत्र्यावर लेप द्यायचा, सुईनं तो खरवडायचा, उघड्या पडलेल्या धातूला आम्ल खातं आणि तिथं शाई भरते. आपल्या विराज नाईक यांची अर्धी माणसं, अर्धी जनावरं अशी चित्रं ज्यांनी पाहिली असतील, त्यांना कळेल की ही जत्रा ह्याच मार्गानं पत्र्यातून वर आलीय.

पण ज्या कामाबद्दल बोलायला मी मुख्यतः आलो, ते साहिल नाईक ह्या तरुण शिल्पकाराचं. फोंड्याकडचा मुलगा. त्याची प्रेरणा म्हणजे सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव.

कुर्डी तुम्हाला ठाऊक आहे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरण बांधलं गेलं आणि ऐंशीच्या दशकात गाव पाण्याखाली गेलं. सुमारे तीन हजार माणसं होती: हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान. त्यांना वाडे आणि वालकिणी इथं वसवलं. कदंबकालीन महादेवाचं देऊळ दगड न् दगड सोडवून दुसरीकडे नेऊन उभं केलं. घरांना ते भाग्य नव्हतं. दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि मे महिन्यात कुर्डी वर येते. तेव्हा तिथली माणसं परत जातात. सोमेश्वराचा उत्सव करतात, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या कपेलाकडे, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराकडे जमतात, आणि पाऊस पडला की गाव पुन्हा बुडतं.

मी विद्यार्थ्यांना घेऊन एकदा तिथं गेलो होतो. चिखल वाळून भेगाळलेला, झाडांची नुसती खुंटं, आणि जोत्यांच्या रांगा. एक वयस्क बाई आपल्या जोत्यावर उभी राहून नातवाला सांगत होती, ही रांदची कूड, हांगा बांय; म्हणजे ही स्वयंपाकाची खोली, इथं विहीर. दारं नाहीत, भिंती नाहीत, पण ती बाई दारातूनच आत गेली. जोतं ओलांडून नाही. माझ्या एका विद्यार्थिनीनं वही उघडली होती, ती तिनं मिटली. मी तिला काढ म्हटलं नाही.

साहिलनं ह्या गावाचं शिल्प केलं. नाव इंग्रजीत आहे, त्याचा अर्थ असा: सगळं पाणीच आहे, आणि पाण्याकडेच आपल्याला परत जायचं आहे. कुर्डीचे अवशेष त्यानं घडवले आणि त्यांच्याबरोबर तिथल्या लोकांच्या आवाजातली गाणी ठेवली. 2022 च्या कोची बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, ते मांडलं होतं. मला त्यातली गाण्यांची गोष्ट फार मोलाची वाटते. जोतं घडवता येतं, पण त्या बाईचं दारातून आत जाणं कसं घडवणार? ते आवाजातच राहतं. मोगूबाईंच्या गावाचं शिल्प मुकं राहून कसं चाललं असतं?

इथं कलावंत काही खरवडत नाही. पाणीच थर चढवतं आणि पाणीच काढतं. तो त्या पाण्याची वाट बघतो.

समुद्रालाच कारागीर मानणारे आपले सुबोध केरकर. डॉक्टरी सोडून कलेत आले, 2015 मध्ये पिळर्णला त्यांनी म्युझियम ऑफ गोवा उभं केलं. त्यांनी चिनी मातीच्या बशा समुद्रात ठेवल्या. काही महिन्यांनी त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांवर कालवांचे थर धरले होते. चिनी बशा ह्याच पाण्यातून पूर्वी जहाजांत भरून जात होत्या, हे आठवलं की त्या शिंपल्यांचा अर्थ बदलतो.

एक नाव राहिलं तर मला झोप येणार नाही. आंजेलु द फोन्सेका, सांत इस्तेव्हचे, जन्म 1902. बंगालमध्ये चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकले आणि त्यांनी चित्रांत मरियेला, येशूच्या आईला, साडी नेसवली. तिचा चेहरा आपल्या गावातल्या बाईचा केला. इथल्या धर्ममंडळींना ते रुचलं नाही. फोन्सेकांना गोवा सोडून पुण्याच्या आश्रमात राहावं लागलं आणि 1967 मध्ये ते तिकडेच वारले. आज त्यांची चित्रं पर्वरीला झेवियर सेंटर ह्या इतिहास-संशोधन संस्थेत आहेत. युरोपीय रंगाचा थर बाजूला करून त्यांनी खालची आपली बाई दाखवली, आणि त्याची किंमत मोजली. पर्वरीला जाताय तेव्हा अर्धा तास काढा. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो की बोलत नाही, नुसता उभा राहतो.

तुकडा मागच्या रांगेपर्यंत पोचला का? बरं.

एक विनंती करतो. ह्या तालुक्यात जुन्या घरांच्या पडव्यांत, लहान देवळांच्या मागच्या भिंतींवर कावीच्या पट्ट्या अजून शिल्लक असतील. चतुर्थीच्या आधी घरोघर रंगकाम निघतं. भिंतीवर तांबडं-पांढरं काही दिसलं, तर डिस्टेंपरचा डबा उघडायच्या आधी मला हाक मारा. आधी फोटो घेऊ, मग भिंतीला कागद लावून रेषा उतरवून घेऊ. ट्रेसिंग पेपर माझ्याकडे पुष्कळ आहे. शिडी तेवढी तुमची लागेल.