फोटोतली आई

[दृश्य: मासिकातून कापलेलं चित्र, त्यावर मोठी फुली]

सहा वर्षांची एक मुलगी मासिकातून चित्र कापते. आई, बाबा, भाऊ, बहीण. शाळेत 'डब्ल्यू' अक्षराची चित्रं मागितलेली असतात. बाई तिच्या चित्रावर फुली मारतात, कारण यातलं काहीच डब्ल्यूवरून सुरू होत नाही. तिच्या मनात मात्र 'विश' असतं. इच्छा.

ही हॉलिस वूड्स. पॅट्रिशिया रायली गिफ या अमेरिकन लेखिकेच्या 'पिक्चर्स ऑफ हॉलिस वूड्स' या २००२ सालच्या कादंबरीची नायिका. तान्ही असताना जिथे सापडली, त्या जागेचंच नाव तिला मिळालं. ती फॉस्टर केअरमध्ये वाढते, म्हणजे सरकारी यंत्रणेने ठरवलेल्या घरी, तात्पुरती. एका घरातून पळायचं, दुसऱ्यात जायचं.

अनाथ मुलांच्या गोष्टी बालसाहित्याला नव्या नाहीत. 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' या १९०८ सालच्या कादंबरीत ग्रीन गेबल्स नावाच्या घरी आलेल्या ॲनचे आईवडील केव्हाच वारलेले आहेत. दुःख आहेच, पण वाट बघणं नाही. फॉस्टर घरातल्या मुलाची आई मात्र बरेचदा जिवंत असते, कुठेतरी. ती कधीही येईल. मग इथे कुणाला जीव लावायचा कशाला?

[दृश्य: उघडी सूटकेस, तिच्यात एका तरुण बाईचा फोटो]

हा पेच मला सर्वांत खरा भेटला तो गिलीमध्ये. कॅथरीन पॅटरसन यांची 'द ग्रेट गिली हॉपकिन्स' १९७८ साली आली. त्याआधी त्यांनी कंबोडियातून आलेल्या दोन मुलांना काही काळ सांभाळलं होतं. ही मुलं काही कायमची नाहीत, असं म्हणून आपण अडचणी टाळतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. ज्याला सगळे असंच वागवतात त्या मुलाला काय वाटत असेल, हा विचार या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

गिली अकरा वर्षांची. उद्धट, हुशार, कुणाला जवळ येऊ न देणारी. तिचा हा तोरा उगाच नाही. एका कुटुंबावर तिने पूर्वी जीव लावला होता. ते फ्लोरिडाला गेले आणि हिला मागे ठेवून गेले. तेव्हापासून तिच्याजवळ उरली ती फोटोतली आई. सुंदर, हसरी. फोटोतल्या आईचं एक बरं असतं, ती कधी चिडत नाही, कधी निराश करत नाही.

मेरीलँडमध्ये तिला मिळते मेम ट्रॉटर. जाडजूड, फारशी न शिकलेली, घर पसाऱ्याने भरलेलं. घरात विल्यम अर्नेस्ट हा घाबरट छोटा मुलगा, शेजारी आंधळे मिस्टर रँडॉल्फ. गिलीला हे सगळं नकोसं होतं. ती आईला पत्र लिहिते, ट्रॉटरबद्दल वाटेल ते खोटंनाटं लिहिते, मला ने म्हणते. चोरीच्या पैशांनी पळूनही बघते. पकडली जाते, आणि ट्रॉटर तिला सोडत नाही. समाजसेविकेशी भांडून ठेवून घेते.

नकळत गिली तिथली होऊन जाते. आणि नेमकं तेव्हा त्या पत्राचं उत्तर दारात उभं राहतं. आई नव्हे, आजी. आपल्याला नात आहे हेच जिला माहीत नव्हतं, ती आजी. ती रक्ताची. यंत्रणेपुढे ट्रॉटरचं प्रेम मोजलं जात नाही, गिलीला आजीकडे जावं लागतं.

मग नाताळात आई येते. विमानतळावर गिलीला कळतं, आजीने तिकिटाचे पैसे दिले म्हणून ती आलीय, आणि थोड्याच दिवसांसाठी. गिली ट्रॉटरला फोन करते, मला घरी यायचंय म्हणते. ट्रॉटर तिला सांगते, तू आता घरीच आहेस.

[दृश्य: फोनचा रिसीव्हर]

पुष्कळ लहान वाचकांना हा शेवट सहन होत नाही, आणि ते मला समजतं. हॉलिसच्या गोष्टीत कापलेलं चित्र खरं होतं. तिला आई, बाबा, भाऊ आणि शेवटी धाकटी बहीणसुद्धा मिळते. तो आनंद मी कमी लेखणार नाही. पण ज्या मुलाला आवडतं घर सोडावं लागलंय, त्याला पॅटरसन खोटं सांगत नाहीत. शिवाय पॅटरसन गिलीला रिकाम्या हाती पाठवत नाहीत. ट्रॉटरकडे ती माणसांना जीव लावायला शिकलीय, आणि ज्या आजीकडे ती चाललीय तिचा मुलगा व्हिएतनाम युद्धात मारला गेलाय, नवरा वारलाय, मुलगी कित्येक वर्षं फिरकलेली नाही. त्या घरातही कुणीतरी कुटुंबाची वाट बघतच होतं.